उरलेलं घेऊन या

१

फोन उचलल्यावर पहिली पंधरा सेकंदं ती तोंड उघडत नसे. समोरच्याला आधी ओरडून घेऊ द्यायचं. ओरडणं संपलं की माणूस खोटं बोलतो, खोटं संपलं की मग कुठे कामाचं एखादं वाक्य हाती लागतं. पशुरुग्णालयाच्या विषबाधेच्या फोनवर एकोणीस वर्षं बसून ती एवढी एक गोष्ट पक्की शिकली होती, आणि त्या एकोणीस वर्षांत तिला कुणी साधी खुर्ची बदलून दिली नव्हती.

खोटं ठरलेलं असे. आमचा कुत्रा बाहेरचं काही खातच नाही हो. आत्ता, अगदी आत्ताच झालं. आम्ही काही म्हणजे काही दिलं नाही. प्रत्यक्षात कुत्र्याने अंगणातला विषारी बेडूक तासाभरापूर्वी तोंडात धरलेला असे, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत असत, आणि घरातल्या शहाण्यांनी त्याला लिटरभर दूध पाजून झालेलं असे. मग ती सुरू होई. आधी तोंड धुवा. मान खाली, पाणी बाजूने, आत गेलेलं पाणी बाहेर पडलं पाहिजे, घशात जाता कामा नये. हिरड्यांवरून ओला फडका फिरवा. दूध नाही, मीठ नाही, तेल नाही. स्वतःच्या अकलेने ओकवायला जाऊ नका. घड्याळ बघा, अर्ध्या तासात इथे पोचा. आणि उरलेलं घेऊन या.

हे शेवटचं ती दोनदा सांगे, कारण लोक नेमकं तेच फेकून देत. रुग्णालयाची एक जुनी पद्धत होती. आणलेले तुकडे डॉक्टर स्टीलच्या ट्रेमध्ये मांडत; डोकं वर, पाय खाली, जिथला तुकडा तिथे. काय आहे ते कळलं की काय नाही ते कळतं, आणि जे नाही ते कुत्र्याच्या पोटात. फॉर्मवर बेडकाची आकृती छापलेली असे. आणलेला भाग निळ्या पेन्सिलीने रंगवायचा, खाल्लेला लाल. त्यावरून विष किती गेलं याचा अंदाज. साधं, स्वच्छ काम. त्यात साहेब लोकांना बिघडवण्यासारखं काही नाही असं तिला वाटे.

रुग्णालयात तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे फौजदारीण. तिला दोन्ही माहीत होतं आणि दुसरं जास्त आवडे.

घरी तिची थोरली बहीण होती आणि बहिणीचा कुत्रा. ताईला चौदा वर्षांपूर्वी एका तापाने बहिरं करून सोडलं, पार ठार. तेव्हापासून या कुत्र्याच्या आधी एक आणि आता हा, असे दोन कुत्रे तिचे कान झाले होते. ह्याचं नाव खबऱ्या. दार वाजलं की तो ताईच्या गुडघ्याला नाक लावी. दूध उतू जायला लागलं की बाही ओढी. रस्त्यात मागून गाडी आली की आडवा उभा राही. बाकीचं ताई ओठांवरून वाचत असे, आणि सोयीचं तेवढंच वाचत असे. हा गेला तर मी भिंत होईन, असं ती एकदा म्हणाली होती. आणि वर, मग तू बस भिंतीशी भांडत.

२

सोमवारी साडेदहाला एका शिंप्याचा फोन आला. हा माणूस ओरडला नाही. पंधरा सेकंदं गेली, वीस गेली. शेवटी फौजदारणीलाच बोलावं लागलं, आणि त्याचाच तिला राग आला.

कुत्र्याने काय खाल्लं ते त्याला सांगता येईना. अर्धं खाल्लं, म्हणाला. अर्धं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"कुत्र्याने मारलं का ते?"

"नाही हो. ठेवलेलं होतं."

"कुणी ठेवलं?"

"तेच तुम्हाला विचारतोय, बाई."

दुकान नुकतंच उघडलं होतं, झाडून झालं होतं, आणि मशीनच्या पायाशी, काल कापून ठेवलेल्या कापडाच्या बरोबर मध्यावर ते होतं. कुत्रा त्याच्याकडे चालत गेला, धावला नाही. निम्मं गिळलं, निम्मं उचलून मालकासमोर ठेवलं आणि तोंड उघडं टाकून बसला.

शिंप्याने ते जेवणाच्या डब्यातून आणलं. नव्या डॉक्टरने चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ठेवलं. पुढचा डावा पाय, गुडघ्याच्या खालचा. करडी, खरबरीत कातडी, बेडकाचीच म्हणायची. पण जिथे तुटला होता तिथे रक्त नव्हतं, चिंध्या नव्हत्या, दाताची खूण नव्हती. कडा धुतलेल्या काचेसारखी गुळगुळीत. कात्री चालवलीत का, असं डॉक्टरने विचारलं. शिंपी जरा ताठ झाला आणि म्हणाला की साहेब, माझी कात्री फक्त कापडाला लागते.

कुत्र्याला काहीही झालेलं नव्हतं. लाळ नाही, हिरड्या गुलाबी, ठोके व्यवस्थित. डॉक्टरने फॉर्मवर 'बेडूक, अर्धवट' असं लिहिलं आणि दोघांना घालवून दिलं. तिला खटकलं ते वेगळंच. आवारात सात कुत्री आणि एक संतापलेली मांजर असताना हा कुत्रा एकदाही भुंकला नाही. कुणाला हुंगलं नाही. जितका वेळ होता तितका वेळ भांडारखोलीच्या बंद दाराकडे तोंड करून बसला, जबडा अर्धा उघडा, जीभ आत.

मंगळवारी बेकरीवाल्याचा फोन आला, बुधवारी एका निवृत्त मास्तरांचा, गुरुवारी गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचा. शहराच्या चार टोकांचे चार जण. बेकरीतून मेकॅनिककडे जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात. एकही ओरडला नाही. मास्तर आयुष्यभर वर्गावर ओरडलेले असणार, पण तेसुद्धा हलक्या आवाजात, कुणी ऐकेल अशा बेताने बोलले.

आणि चौघांनी तेच सांगितलं. ठेवलेलं होतं.

३

शुक्रवारी दुपारी फॉर्म फायलीला लावायचे असत. हे काम तिचं नव्हतं. ज्याचं होतं तो कारकून सहा महिन्यांपूर्वी बदलून गेला आणि त्याच्या जागी कुणी येणार आहे असं दर महिन्याला सांगण्यात येई.

तिने चार फॉर्म हातात घेतले आणि पंचाने छिद्र पाडायला एकावर एक नीट लावले. खिडकीतून उजेड येत होता. कागद पातळ होता, कारण जाड कागद मंजूर होत नसे. चारही आकृत्या एकीत एक दिसल्या.

तिने कागद काचेवर टेकवले.

शिंप्याचा डावा पाय: गुडघ्याखाली निळा, वर लाल. बेकरीवाल्याची पाठ: निम्मी निळी, निम्मी लाल. मास्तरांचे मागचे पाय, एक निळा, एक लाल. मेकॅनिकच्या फॉर्मवर पोट आणि पुढचा उजवा पाय. एकाचा रंग दुसऱ्याच्या रंगावर कुठेही चढला नव्हता. मध्ये कुठे फट राहिली नव्हती. चार कुत्र्यांनी चार टोकांना चार बेडूक खाल्ले असते तर कुठेतरी एखादा पाय दोनदा आला असता, एखादी पाठ दोनदा आली असती. इथे एकच जनावर मापाने वाटून दिल्यासारखं होतं, आणि प्रत्येकाच्या वाट्याचं निम्मं पोटात, निम्मं आपल्या दारात.

फक्त डोकं कोरं होतं.

योगायोग, ती स्वतःशी म्हणाली. एकोणीस वर्षांत किती फॉर्म आले. त्यातले कुठलेही चार असे जुळले असते. मग तिने, स्वतःचा राग करत, मागच्या वर्षीची फाईल काढली आणि चार-चारचे गठ्ठे काचेवर लावून बघितले. अकरा गठ्ठे. सगळीकडे रंगाचा नुसता चिखल. एकही जुळला नाही.

डॉक्टरला तिने फॉर्म दाखवले. तो सव्वीस वर्षांचा होता आणि त्याला कुणी काही दाखवलेलं आवडत नसे.

"बाई, तुम्ही फोन घ्या. निदान आम्ही करतो."

"केलंत कुठे? 'अर्धवट' एवढंच लिहिलंय. कोण अर्धवट ते लिहायचं राहिलं."

तो हसला नाही. पण चारही फॉर्म त्याने ठेवून घेतले, आणि ते तिला परत मिळाले नाहीत.

४

शनिवारी बाराच्या सुमाराला शिंप्याचा पुन्हा फोन आला. कुत्रा जेवतो, पाणी पितो, सांगितलं तिथे बसतो. भुंकत नाही. झोपत नाही. तोंड मिटत नाही. आणि त्याच्या पोटातून आवाज येतो.

पोटातून आवाज सगळ्यांच्याच येतो, असं ती म्हणाली.

"हा गुरगुरल्याचा नाही, बाई. वाजवल्याचा आहे. थांबा, फोन धरतो."

आधी केसांची खसखस ऐकू आली. मग आतून, लाकडी पेटीवर बोटाच्या पेराने मारावं तसं: टक, टक. थोडं थांबून, टक.

तिने रिसीव्हर कानाला दाबून धरला. पुन्हा आलं. टक, टक. टक. आणि रिसीव्हर नसलेल्या कानात, मागून, भांडारखोलीच्या बाजूने, निमिषभर उशिरा: टक, टक. टक.

फोनचा घुमारा, असं तिला आधी वाटलं. जुनी तार, जुनं यंत्र. तिने फोन टेबलावर ठेवला आणि उठून भांडारखोलीच्या दाराशी गेली. आवाज दारामागून येत होता. ती थांबली की थांबत नव्हता, ती हलली की वाढत नव्हता. तिच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं, आणि हे तिला त्या आवाजाहून वाईट वाटलं.

स्टोअरकीपर आत जेवत होता. पंचावन्नचा गृहस्थ, नियमांवर जगलेला. आवाजाचं विचारल्यावर त्याने फ्रीजकडे हात केला: कॉम्प्रेसर गेलाय, तीनदा लिहून दिलंय. तिने फ्रीज उघडला. नमुन्यांच्या बरण्या ओळीने असायच्या, प्रत्येकीवर मालकाचं नाव आणि तारीख. या आठवड्याच्या चार बरण्या तिथे नव्हत्या. एकच मोठी होती, औषधाने भरलेली, आणि तिच्यावर त्याच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'बेडूक, नग चार.'

"एकत्र कुणी केलं हे?"

त्याने घास संपवला, हात पुसला आणि भिंतीवरच्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं. बरण्यांचा अपव्यय टाळण्यासाठी एकाच प्रकारचे नमुने एकत्र ठेवावेत. सही मोठ्या डॉक्टरांची. ज्या माणसाने आयुष्यात ट्रेला हात लावला नव्हता, त्याने ट्रेचं काम एका ओळीत निकालात काढलं होतं.

बरणी दुधी झाली होती. तिने ती उजेडाकडे वळवली. चार तुकडे सुटे, तळाशी पडलेले दिसायला हवे होते. तळाशी काही नव्हतं. मधोमध, औषधात तरंगत, एक काहीतरी होतं. एकच. सांधे कुठे आहेत ते तिने शोधलं आणि मग शोधायचं थांबवलं. औषधाने मऊ होऊन चिकटले असतील, ती मनात म्हणाली. मांस फुगतं. फुगून चिकटतं.

फ्रीज बंद केला तेव्हा आतला दिवा विझला, आणि टक टक पुन्हा सुरू झाली.

टेबलावर पडलेल्या फोनातून शिंपी अजून 'हॅलो, हॅलो' करत होता.

५

सोमवारी सकाळी ती कामावर आली तेव्हा चारही कुत्री फाटकाशी बसलेली होती. शिंप्याचा, बेकरीवाल्याचा, मास्तरांचा, मेकॅनिकचा. रस्त्याकडे पाठ, भांडारखोलीकडे तोंड, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. वॉचमनने काठी आपटली, मग हाणली. शिंप्याच्या कुत्र्याच्या पाठीवर वळ उठला आणि त्याने मान फिरवून बघितलंसुद्धा नाही.

अकराच्या आत चौघांनी एकापाठोपाठ एक तिथेच ओकून टाकलं आणि उठून चालते झाले. मास्तरांचा कुत्रा घरी पोचला. बाकीचे तीन शोधून आणावे लागले, हे तिला नंतर मालकांच्या शिव्यांवरून कळलं. बेकरीवाला म्हणाला की तुम्ही सांगितलं तसं केलं, तोंड धुतलं, तुकडा आणून दिला, आणि माझं जनावर मला ओळखत नाही. स्वतःचा दोष ऐकून घेण्याची तिला सवय नव्हती, म्हणून ती त्याच्याशी भांडली आणि फोन आपटला.

खरी चूक वेगळीच झाली होती. फाटकाशी पडलेलं पाण्याने धुऊन गटारात जायला हवं होतं. पण आवारात पडलेली प्रत्येक वांती नमुना म्हणून जमा करावी, असंही एक परिपत्रक होतं, आणि वॉचमन नोकरीत नवा होता. त्याने चारी ठिकाणचं फावड्याने भरून भांडारात दिलं. स्टोअरकीपरने पोच दिली. जे कुत्र्यांच्या पोटात होतं तेही त्या बरणीत गेलं.

लेबल बदललं होतं. 'नग चार' खोडून त्याने 'नग आठ' केलं होतं. तिने बरणीकडे बघितलं नाही. तिने लेबल वाचलं आणि मागे फिरली.

बरणी आजच्या आज भट्टीत टाका, असं ती मोठ्या डॉक्टरांना सांगायला गेली. त्यांनी कारण विचारलं. कारण सांगायला ती उभी राहिली आणि तिला जाणवलं की आपल्याजवळ सांगण्यासारखं एकही वाक्य नाही. रंग जुळले. आवाज येतो. कुत्री शिस्तीत बसली. हेच तिला कुणी फोनवर सांगितलं असतं तर तिने त्याला दोन सुनावल्या असत्या.

संसर्गाची शंका आहे, ती म्हणाली.

त्यांनी डोळे वर केले नाहीत. प्रयोगशाळेचा माणूस येऊन नेईपर्यंत नमुना नष्ट करता येत नाही, म्हणाले. कधी येणार, असं विचारल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, जणू तो तिकडून येताना दिसेल.

"आणि तसंही," ते म्हणाले, "अपूर्ण नमुना आहे. डोकं नाही त्याला."

६

बुधवारी तिने सुट्टी घेतली होती. अकरा वाजता ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली आली तर ताई न्हाणीघराच्या उंबऱ्यात बसलेली, बाह्या वर सारलेल्या, खबऱ्याची मान खाली दाबून त्याच्या जबड्यात बाजूने पाणी सोडत होती. अगदी बरोबर करत होती. एकोणीस वर्षं जेवताना, झोपताना, भांडताना पाहिलेलं तिला पाठ होतं.

"काय खाल्लं यानं?"

ताईने तिचे ओठ बघितले. "न्हाणीघराच्या जाळीवर होतं. म्हटलं, बेडूक आला. पण नुसतं डोकं होतं, गं. जाळीच्या मधोमध. माझ्याकडे बघत होतं."

"मेलेलं?"

"बघत होतं म्हटलं ना."

"उरलं किती?"

"काही नाही. अख्खं गिळलं यानं. मी पुढे झाले आणि हा मध्ये घुसला." ताईचा आवाज, स्वतःला ऐकू येत नसल्याने नेहमीच जरा मोठा असलेला, आता फाटला होता. "मला चावेल म्हणून घुसला, गं."

त्या चार कुत्र्यांना विषाचं काहीच झालं नव्हतं. खबऱ्याला होत होतं. लाळेच्या तारा, विटेसारख्या लाल हिरड्या, बुबुळं फाकलेली. मागचे पाय थडथडत होते. पुस्तकात लिहिलेलं सगळं ओळीने येत होतं. अर्ध्या तासात ओकवण्याची सुई मिळाली नाही तर पुढची ओळसुद्धा तिला माहीत होती. ती सुई शहरात एकाच ठिकाणी होती.

आणि बरणीही तिथेच होती.

न्हाणीघराची जाळी कोरडी होती. भोवती सगळीकडे पाणी, आणि मध्ये मुठीएवढी जागा कोरडी. तिने त्यावरून नजर काढली.

ताई उठून खबऱ्याचा पट्टा शोधू लागली होती. तिने ताईचा दंड धरला आणि तोंड समोर आणून, सावकाश सांगितलं: तिथे नाही न्यायचं. अजून नाही. तिथे एक घाण आहे, ती आधी जाळून टाकते, मग मेसेज करते, मग रिक्षाने घेऊन ये. फक्त वीस मिनिटं. मेसेज आल्याशिवाय घर सोडू नकोस.

"कसली घाण?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. तिच्या ओठांचे आकार ताईला नीट लागेनात, किंवा लागले आणि पटेनात.

"एकोणीस वर्षं जगाला ओरडून सांगतेस, अर्ध्या तासात पोचा," ताई म्हणाली. "आणि आपल्यावर आली तेव्हा म्हणतेस थांब. तुला काय, धाकटे, तुझे कान शाबूत आहेत."

खबऱ्याच्या पोटातून आवाज येत होता. टक, टक. टक. ताईचा हात त्याच्या पोटावरच होता. तिला नुसतं थरथरणं लागत असावं.

७

वीस मिनिटांतली सहा रिक्षात गेली. उरलेली रुग्णालयाने खाल्ली.

स्टोअरकीपरने लेखी मागितलं. ती आपल्या टेबलाशी जाऊन पाठकोऱ्या कागदावर लिहून घेऊन आली. त्याने सही कुणाची, विचारलं. तिने आपली केली. तो म्हणाला, ही चालत नाही. मग तिने त्याला बाजूला ढकललं, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने तिथे कुणाला हात लावला, आणि फ्रीज उघडला.

बरणीच्या जागी औषधाचं ओलं वर्तुळ होतं.

"डॉक्टर घेऊन गेले," तो भिंतीला टेकून, दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "आत्ताच. उपचारखोलीत. नमुना पुरा होतोय म्हणाले. मी पोच घेतली आहे."

"पुरा कसा होतोय?"

"एक बाई आल्यात ना कुत्रं घेऊन. ऐकू येत नाही त्यांना."

तिने मोबाइल बघितला. ताईचा मेसेज येऊन नऊ मिनिटं झाली होती. 'हा तोंड मिटत नाहीये. मी निघते. रागावू नकोस.'

उपचारखोलीचं दार आतून लावलेलं होतं; सुई देताना जनावर पळू नये म्हणून लावतात. दाराला ताटलीएवढी गोल काच होती. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. डॉक्टरने मागे न बघता, थांबा, असा हात केला.

सुई देऊन झाली असावी. ताई जमिनीवर बसून खबऱ्याचं डोकं मांडीवर धरून होती, पुढे भांडं. त्याची पाठ कमानीसारखी वर आली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ताईने तोंड फिरवलं. मग खबऱ्या तिच्या मांडीवरून घसरून फरशीवर आडवा झाला. बरगड्या हलत होत्या. जगला, तिच्या मनात आलं, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, तिला वाटलं की आपण उगाच. दुर्मिळ बेडूक. वेडी झालेली कुत्री. जुना फ्रीज.

डॉक्टरने चिमट्याने भांड्यातून काहीतरी उचललं. टेबलावर स्टीलचा ट्रे होता आणि शेजारी ती मोठी बरणी, रिकामी. तो वाकला. त्याची पाठ काचेकडे होती, त्यामुळे ट्रे दिसत नव्हता. दिसत होतं त्याचं कोपर, बारीक, काळजीपूर्वक हलणारं. डोकं वर, पाय खाली. जिथला तुकडा तिथे.

कोपर थांबलं.

तो एक पाऊल मागे आला. मग आणखी एक. त्याची पाठ मागच्या कपाटाला लागली, बाटल्या हलल्या, आणि तो तिथेच उभा राहिला, चिमटा हातात, एखाद्या पोराने न विचारता काही उचलावं आणि आता ते कुठे ठेवायचं ते त्याला कळू नये तसा.

आता ट्रेची कड दिसत होती. त्या कडेवर, भिंतीपलीकडचं बघायला हनुवटी टेकवावी तसं, काहीतरी करडं वर आलेलं होतं. तिने ते पूर्ण बघितलं नाही. डोळे आपोआप खाली गेले, खबऱ्यावर.

खबऱ्या जागा होता. ताईच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर त्याचं नाक होतं. त्याने ते गुडघ्याला लावलं नाही. तो नुसता बघत होता, ताईकडे, जणू आता आपलं काम राहिलेलं नाही.

आणि ताईने मान वर केली.

दार इतकं बडवूनही ती वळली नव्हती. आता वळली, दाराकडे नाही, ट्रेकडे. कुणी खालून हाक मारली की ती चौदा वर्षांपूर्वी जशी वळायची तशी, मान जरा कलती करून, कान आधी, डोळे नंतर. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती असती तर बरं झालं असतं. तिथे आनंद होता, उघडा, लहान मुलीसारखा, आणि तो बघून फौजदारणीचे दारावरचे हात खाली आले.

काचेतून आवाज येत नव्हता. पहिल्यांदाच तिला ताईचे ओठ वाचावे लागले.

ताईने ओ दिली. मग फरशीवर हात टेकून उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, आले हं.